छापा, नाहीतर परत द्या

डेक्स मंगोला डाव्या डोळ्याने भुतं दिसतात. आई माणूस, बाप भूत, त्यामुळे पोरगा जन्मापासूनच दोन जगांत अडकलेला. मेलेल्यांच्या त्या जगाचं नाव ‘एक्टोस्फिअर’, आणि तिथली मंडळी या पोराच्या मागे हात धुऊन लागलेली. १९९३ साली मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने त्याची ‘एक्टोकिड’ नावाची मालिका काढली, नऊ अंक छापले आणि पुढच्या वर्षी गुंडाळली. डेक्सची मालिका त्यानंतर पुन्हा कधी आली नाही. अमेरिकेत कंपनीने ठेक्यावर करून घेतलेल्या कामाचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून ९५ वर्षं टिकतो. १९९३ मध्ये ९५ मिळवले की २०८८ येतं. तोवर या पोराचं काय करायचं ते एकच कंपनी ठरवणार, आणि तिने गेली तीस वर्षं काहीही न करायचं ठरवलेलं आहे.

माझं म्हणणं असं आहे की हे कायद्याने चालू देऊ नये. हक्क धरून ठेवायचे आणि काम लोकांपर्यंत पोहोचवायचं नाही, ही सोय कुठल्याही प्रकाशकाला नसावी. ठरावीक मुदतीत छापा, नाहीतर ज्यांनी ते केलं त्यांना परत द्या. करारात काहीही लिहिलेलं असो. यात डेक्सची कल्पना ज्याची, त्या क्लाइव्ह बार्करसारख्या गडगंज लेखकाची बाजू घ्यायची म्हणून घेतोय असं वाटू शकतं. तसं नाही, पण आधी प्रकरण काय होतं ते पाहू.

बार्कर मूळचा लिव्हरपूलचा, जन्म १९५२. १९८४-८५ मध्ये ‘बुक्स ऑफ ब्लड’चे सहा खंड आले आणि भयकथेच्या दुनियेत त्याचं नाव एकदम वर गेलं. १९८६ मध्ये ‘द हेलबाउंड हार्ट’ ही दीर्घकथा, आणि तिच्यावरून पुढच्याच वर्षी त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘हेलरेझर’. डोक्यात खिळे ठोकलेला तो पांढराफटक चेहरा आपल्याकडच्या व्हिडिओ लायब्ररीतल्या कॅसेटच्या खोक्यावरही अनेकांनी पाहिला असेल. बार्करच्या गोष्टींचं एक वैशिष्ट्य आहे. भीती बाहेरून चालून येत नाही; माणूस स्वतःच्या हव्यासापायी दार उघडतो आणि मग जे आत येतं ते त्याचंच असतं. १९८९ पासून मार्व्हलच्याच एपिक या शाखेतून ‘हेलरेझर’ची कॉमिक्स निघत होती, ती बरी चालत होती. तेव्हा या लेखकाला सुपरहिरो द्यायला सांगावं असं मार्व्हलमध्ये कुणाला तरी वाटलं, यात नवल नाही.

त्यातून ‘रेझरलाइन’ नावाची वेगळी शाखा उभी राहिली. चार मालिका: ‘एक्टोकिड’, ‘हायपरकाइंड’, ‘होकम अँड हेक्स’ आणि ‘सेंट सिनर’. पात्रं, त्यांची जगं, त्यांना बांधणारी विश्वरचना बार्करची. प्रत्यक्ष संहिता आणि चित्रं दुसऱ्यांची. स्पायडरमॅनच्या जगाशी याचा संबंध ठेवलेला नव्हता, हे विश्वच निराळं होतं. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चारही मालिका सारख्या तोडीच्या होत्या असं मी म्हणणार नाही. ‘हायपरकाइंड’मध्ये जुन्या पिढीतल्या नायकांच्या शक्ती चार पोरांच्या गळ्यात पडतात; त्या काळात अशी टोळकी पैशाला पासरी होती. ‘होकम अँड हेक्स’चा नायक विनोद न जमणारा स्टँडअप कॉमेडियन, त्याला एकाएकी दैवी ताकद मिळते. कल्पना गमतीची, पण ती गंमत सगळीकडे टिकत नाही. ‘सेंट सिनर’मध्ये एकाच माणसाच्या अंगात देवदूत आणि सैतान एकाच वेळी शिरलेले. वाचायला अवघड, पण चारांतली सर्वांत धाडसी तीच. आणि ‘एक्टोकिड’ सरस. तिचे सुरुवातीचे अंक जेम्स रॉबिन्सनने लिहिले, पुढचे लाना वाचोव्स्कीने. चित्रं स्टीव्ह स्क्रोसची. याच वाचोव्स्की भगिनींनी १९९९ मध्ये ‘द मॅट्रिक्स’ हा सिनेमा केला आणि त्याचे स्टोरीबोर्ड काढणाऱ्यांत स्क्रोस होता. म्हणजे पुढे अख्ख्या जगाने डोळे विस्फारून जे पाहिलं, त्यातल्या दोन हातांची तालीम या नऊ अंकांच्या पानांवर चालली होती. सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यालासुद्धा ही पानं लागतील.

सुपरहिरोच्या साच्यात बार्करने काय बदललं ते डेक्सच्या डोळ्यात दिसतं. इतर कॉमिक्समध्ये शक्ती मिळते ती बक्षीस म्हणून, फार तर जबाबदारी म्हणून. इथे ती दुखऱ्या नसेसारखी आहे. डेक्सला उडता येत नाही, गाड्या उचलता येत नाहीत. त्याला दिसतं, एवढंच. जे दिसू नये ते दिसतं, आणि एक डोळा मिटला म्हणून समोरचं नाहीसं होत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या कुठल्याही पोराला आपल्या घरातल्या न बोललेल्या गोष्टी अशाच दिसत असतात. भयकथाकाराने सुपरहिरो लिहावा तो असा.

मग हे बंद का पडलं?

याचं उत्तर साहित्यात शोधण्यात अर्थ नाही, ते दुकानदाराच्या ऑर्डरीत आहे. अमेरिकेत कॉमिक्सची खास दुकानं असतात. त्यांची खरेदीची पद्धत आपल्या बसस्टँडवरच्या पेपरस्टॉलच्या नेमकी उलट. आपला स्टॉलवाला न खपलेला अंक परत करतो. तिथला दुकानदार वितरकाच्या कॅटलॉगवर खुणा करून दोन-तीन महिने आधी माल मागवतो, त्याबदल्यात त्याला घसघशीत सूट मिळते, आणि उरलेला माल परत जात नाही. उरला तर त्याच्या डोक्यावर. आता नवी मालिका आली की काय होतं पाहा. पहिला अंक दुकानात लागायच्या आत दुसऱ्या-तिसऱ्या अंकाची ऑर्डर देऊन झालेली असते. पहिला खपला की नाही ते कळेपर्यंत चौथ्याची वेळ येते. पहिल्या अंकाचे गठ्ठे पडून आहेत असं दिसलं की दुकानदार चौथ्याला हात आखडतो. वाचकाने अजून मत बनवलेलंही नसतं, आणि मालिकेचा निकाल लागून गेलेला असतो. नऊ अंकांत संपलेली मालिका खरं तर चौथ्या-पाचव्या अंकाच्या ऑर्डरीतच संपलेली असते. बाकीचे अंक आधी कामाला लागलेल्यांचे हिशेब पुरे करण्यापुरते.

त्यात वर्ष १९९३. त्याच्या दोन वर्षं आधी ‘एक्स-मेन’च्या एका पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती दुकानांनी उचलल्या होत्या, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनला मारला, तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला. लोक एकेका अंकाच्या चार-पाच प्रती घेत. एक वाचायला, बाकीच्या पोराच्या कॉलेजच्या फीसाठी. सर्वांकडेच डझनावारी प्रती असतील तर त्या दुर्मीळ कशा होणार, हा प्रश्न त्या गर्दीत कुणी विचारला नाही. प्रकाशकही चांदीच्या वर्खाची, होलोग्रामची मुखपृष्ठं काढत सुटले. रेझरलाइनचे पहिले अंकही असेच चकचकीत वर्ख लावून आले. त्याच वर्षी माइलस्टोन ही नवी कंपनी आली, मालिबू या प्रकाशकाचं अल्ट्राव्हर्स आलं, आदल्या वर्षी मार्व्हलचेच नावाजलेले चित्रकार बाहेर पडून त्यांनी इमेज ही स्वतःची कंपनी काढली होती. दुकानांच्या मांडण्या ओसंडून वाहत होत्या. आणि १९९३ सरता सरता सगळ्यांना एकदम कळलं की या प्रती विकत घ्यायला पुढे कुणी येणार नाही. पुढच्या काही वर्षांत हजारो दुकानं बंद झाली. मार्व्हलने स्वतः डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

अशा बाजारात नव्या मालिका बुडाल्या, याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. धंदा आहे, बुडतो. ती वर्खाची मुखपृष्ठं आज तिकडच्या दुकानांतल्या डॉलरला एक अशा खोक्यांत सापडतात आणि हौशी लोक ती उकरून काढतात. तक्रार आहे ती बुडाल्यानंतरच्या तीस वर्षांबद्दल.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच बार्करची, त्याच काळातली दुसरी निर्मिती त्याच्याकडे परत आली. ‘हेलरेझर’चे हक्क त्याने ऐंशीच्या दशकात, अजून फारसं वजन नसताना, सिनेमासाठी देऊन टाकले होते. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे: लेखकाने हक्क कुणालाही, कितीही ठाम शब्दांत लिहून दिले असले तरी ३५ वर्षांनी तो नोटीस देऊन ते परत मागू शकतो. करारात ‘मी परत मागणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरी त्याला किंमत नाही. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की तरुण लेखक सही करतो तेव्हा त्याच्या हातात काही नसतं, आणि वस्तूची खरी किंमत तेव्हा कुणालाच माहीत नसते. बार्करने नोटीस दिली, वाद कोर्टात गेला, तडजोड झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेपुरते हक्क त्याच्या हाती आले.

मग कॉमिक्सची पानं करणाऱ्यांना हाच नियम का नाही? कारण याच कायद्यातली दुसरी तरतूद. तिचं नाव ‘वर्क फॉर हायर’, म्हणजे ठेक्यावर किंवा पगारावर करून घेतलेलं काम. काम ‘हायर’वर केलेलं असेल तर कायद्याच्या दृष्टीने त्याचा लेखकच कंपनी. माणूस लेखकच नाही, म्हटल्यावर ३५ वर्षांनी परत मागणार कोण? हा कायदा १९७८ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी मार्व्हलने आपल्या लेखक-चित्रकारांपुढे एकपानी करार ठेवला: तुम्ही केलेलं आणि पुढे कराल ते सगळं ‘हायर’वर. सही नाही तर काम नाही. त्याआधी तर मानधनाच्या चेकच्या पाठीमागेच शिक्का मारलेला असे. चेक वटवायला मागे सही केली की हक्क गेले.

चेकवरून आठवलं. १९३८ साली सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन विकला तो १३० डॉलरला. तो मूळ चेक जपून ठेवला गेला होता आणि २०१२ मध्ये लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला गेला. सुपरमॅन देऊन जे मिळालं त्याच्या हजारपट त्या कागदाला मिळाले. दोघं म्हातारपणी हलाखीत होते, म्हणून १९७५ मध्ये वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने दोघांना वार्षिक वीस हजार डॉलरचं पेन्शन आणि श्रेयनाम दिलं.

आता कंपनीची बाजू. ती पोकळ नाही. मार्व्हलने लेखक-चित्रकारांना पानामागे ठरलेले पैसे दिले, छपाई केली, जाहिरात केली आणि तोटा झाला तो स्वतः सोसला. बार्कर काही १९३८ चा पोरगा नव्हता. वकील, एजंट, हॉलिवूडचा अनुभव, सगळं गाठीशी असलेला माणूस. शिवाय, पात्रं लेखकागणिक वेगळी झाली तर शेकडो पात्रांचं एकत्र विश्व चालवायचं कसं?

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं: रेझरलाइनचं विश्व वेगळं होतं. डेक्स उद्या मार्व्हलच्या बाहेर गेला तर स्पायडरमॅनच्या घराची एक वीटही हलत नाही. तोट्याचं म्हणाल, तर तो १९९४ मध्येच वह्यांत लिहून झाला. आता ही पात्रं कंपनीला काहीच मिळवून देत नाहीत, आणि जे काही देत नाही ते परत करण्यात तोटा कसला?

पण मग कंपनी परत का देत नाही? याचं उत्तर साधं आहे: ठेवून घ्यायला काही पडत नाही. उद्या कुणी सिनेमा मागायला आलं तर? २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली तेव्हा जाहीर केलं होतं की या खरेदीत पाच हजारांहून जास्त पात्रं मिळताहेत. त्या पाच हजारांत डेक्स मंगो एक आकडा. यादीत असला की यादी लांब दिसते. त्याच्या गोष्टी कुणी वाचतं की नाही याच्याशी त्या आकड्याचं देणंघेणं नाही.

एमआयडीसीत भूखंड घेतलेल्यांना हे पटकन समजेल. महामंडळ भूखंड देतं ते कारखाना उभा करायला, आणि मुदतीत बांधकाम झालं नाही तर परत घेण्याची अट असते. जमीन नुसती अडवून भाव वाढायची वाट पाहायला ती दिलेली नसते. कॉपीराइटही समाजाने दिलेला भूखंडच आहे. लेखकाला, प्रकाशकाला काही काळ मक्तेदारी द्यायची ती काम लोकांपर्यंत यावं म्हणून. काम येतच नसेल तर मक्तेदारी कशाच्या जोरावर?

आता एमआयडीसीतली दुसरी गोष्टही सगळ्यांना माहीत आहे. मुदत संपत आली की काही जण नावापुरती शेड ठोकतात. हक्कांच्या बाबतीतही तेच होतं, आणि छापा-नाहीतर-परत-द्या म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी याला उत्तर दिलं पाहिजे. याचे नमुने बार्करच्याच आसपास सापडतात. २०११ मध्ये ‘हेलरेझर’ मालिकेतला एक भाग काही आठवड्यांत, चिल्लर पैशांत उरकला गेला, कारण सिनेमा केला नाही तर हक्क जाणार होते. आधीच्या आठ चित्रपटांत पिनहेड, म्हणजे तो खिळे ठोकलेला चेहरा, झालेल्या डग ब्रॅडलीने त्यात काम करायला नकार दिला. बार्करने स्वतः जाहीरपणे त्याच्याशी आपला काही संबंध नाही असं सांगितलं, तेही अशा भाषेत की इथे लिहिता येणार नाही. त्याआधीचं उदाहरण मार्व्हलच्याच पात्रांचं. ‘फँटॅस्टिक फोर’चे सिनेमाहक्क एका जर्मन कंपनीकडे होते, त्यांची मुदत १९९२ च्या अखेरीस संपत होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चित्रीकरण सुरू केलं, सुमारे दहा लाख डॉलरमध्ये सिनेमा पुरा केला. तो प्रदर्शित झालाच नाही. नटांनी पदरमोड करून प्रसिद्धी केली होती. आजही तो चोरून नकललेल्या प्रतींतच पाहायला मिळतो. हक्क मात्र टिकले, आणि त्याच कंपनीने २००५ मध्ये मोठ्या बजेटचा सिनेमा काढला.

तिसरं उदाहरण याच्या उलट जातं, म्हणून ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या कॉमिकच्या करारात अशी अट होती की प्रकाशकाने ठरावीक काळ वापर केला नाही तर हक्क या दोघांकडे परत. दोघांना वाटलं, बाकी कॉमिक्ससारखं हेही वर्षा-दोन वर्षांत छापायचं थांबेल. पुस्तक इतकं खपलं की ते आजतागायत छपाईत आहे, आणि हक्क परत गेलेच नाहीत. मूरला हे फसवल्यासारखं वाटलं आणि त्याचा संताप मला समजतो. पण वाचक म्हणून पाहिलं तर अटीने आपलं काम केलं: पुस्तक चाळीस वर्षं दुकानात आहे. कंपनी लबाड असो वा प्रामाणिक, हक्क टिकवण्यासाठी तिला छापत राहावं लागलं.

या तिन्हींतून मला दिसतं ते असं. ‘वापर’ म्हणजे काय हे नीट लिहिलं नाही तर कचरा तयार होतो. म्हणून वापराची कसोटी वाचकापाशी असावी. सामान्य वाचकाला मूळ काम वाजवी किमतीत, कायदेशीरपणे मिळतं का? कागदावर मिळो, पडद्यावर मिळो. मिळत असेल तर छापण्याचा हक्क कंपनीकडे राहू दे, मग तिने वर्षाला दोनशेच प्रती विकल्या तरी हरकत नाही. कंपनी म्हणेल, मग आम्ही सगळे जुने अंक स्कॅन करून कुठेतरी टाकून देतो. टाका की! तेवढ्यानेसुद्धा वाचकाचं भलं होतं. दहा वर्षं मिळत नसेल तर पुनर्मुद्रणाचा हक्क परत. नव्या गोष्टी लिहिण्याचा हक्क हा वेगळा प्रश्न, आणि तिथे मी थोडा सौम्य आहे. वीस वर्षं एकही नवी गोष्ट आली नसेल तर मूळ निर्मात्यांनाही लिहायची मुभा असावी आणि कंपनीलाही. दोघांनी काढावं, ज्याची गोष्ट चांगली ती लोक वाचतील. घाईघाईत ठोकलेल्या शेडेचा मग उपयोग उरत नाही, कारण ती ठोकून दुसऱ्याला रोखता येत नाही.

हे काही आकाशातून पडलेलं नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात २२ वं कलम हेच सांगतं: हक्क घेणाऱ्याने वापर केला नाही तर निर्माता ते मागे घेऊ शकतो. जर्मनीत तर अशी तरतूद त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मागे आहे ती अमेरिका, जिथे सुपरहिरो कॉमिक्सचा सर्वांत मोठा धंदा आहे.

आपला कायदा काय म्हणतो? इथे बहुतेकांना आश्चर्य वाटेल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाचं चौथं उपकलम असं आहे की ज्याने हक्क घेतले त्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर ते हस्तांतरण रद्द झालं असं समजावं. एका वर्षात! अमेरिकी लेखकाला ३५ वर्षं थांबावं लागतं, तेही त्याचं काम ‘हायर’वरचं नसेल तर. आणि ३१ वं कलम म्हणतं की मालक एखादं प्रसिद्ध झालेलं काम पुन्हा छापायला नकार देत असेल आणि त्यामुळे ते लोकांना मिळत नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. कागदावर आपण युरोपच्याही पुढे आहोत.

पण १९ व्या कलमाच्या त्याच उपकलमाच्या शेवटी मोजके शब्द आहेत: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे कराराच्या मसुद्यात एक ओळ टाकली की हे कलम मेलं. आणि ती ओळ छापील मसुद्यांत सर्रास असते. मराठीत पुस्तकाची हजार किंवा पाचशे प्रतींची आवृत्ती निघते, संपते, आणि मग वर्षानुवर्षं ‘लवकरच काढू’ ऐकावं लागतं. लेखक दुसऱ्या प्रकाशकाकडे जायला निघाला की त्याला तो करार दाखवला जातो. वाचक मात्र वाचनालयातल्या झेरॉक्सच्या प्रतीवर भागवतो.

बरं, सक्तीची तरतूद कशी लिहावी हे आपल्या संसदेला येत नाही असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीत चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचा वाटा कायद्याने असा बांधला की तो करार करूनही सोडून देता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. निर्मात्यांनी विरोध केला, तरी कायदा झाला. त्याच वेळी १९ व्या कलमातले ते मोजके शब्द काढून टाकता आले असते. कथालेखक, चित्रकार, अनुवादक यांच्यासाठी राज्यसभेत कुणी बसलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. शिवाय नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं, हे १७ वं कलम आहेच. त्यामुळे ॲनिमेशन, गेम आणि कॉमिक्सच्या स्टुडिओंत आज पगारावर पात्रं घडवणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या मुलांची स्थिती ‘वर्क फॉर हायर’पेक्षा फार वेगळी नाही.

एक अडचण राहते, आणि ती माझ्या बाजूची आहे. परत द्यायचं म्हणता, पण कुणाला? मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत नाव बार्करचं. कल्पना त्याची. पण डेक्सला चेहरा दिला स्क्रोसने, त्याच्या तोंडी भाषा घातली रॉबिन्सनने आणि वाचोव्स्कीने. ‘सेंट सिनर’ इलेन लीने लिहिली, ‘हायपरकाइंड’ फ्रेड बर्कने. शाई भरणारे, रंग देणारे, अक्षरं लिहिणारे वेगळेच. हक्क परत करायचे म्हणून ते एकट्या बार्करला दिले तर कंपनीच्या जागी एक प्रसिद्ध माणूस बसवला, एवढंच होईल. तो निदान वाचणारा-लिहिणारा माणूस आहे, पण पानं करणाऱ्यांच्या हाती पुन्हा काहीच नाही. माझ्या मते ज्यांची नावं पहिल्या अंकाच्या श्रेयपानावर आहेत त्यांना सामायिक हक्क मिळावा, आणि त्यांतल्या कुणालाही बाकीच्यांना ठरलेला वाटा देऊन काम पुन्हा छापता यावं. एकमत होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर पुन्हा कुलूपच. यावर भांडणं होतील, कोर्टकज्जे होतील. होऊ देत. कुणी तरी छापतंय म्हणून झालेलं भांडण मला परवडतं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पुस्तकाचा, चित्रकथेचा, अनुवादाचा करार जो कुणी समोर ठेवेल त्यात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ अशा अर्थाची ओळ शोधा. ती बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टाइपात, कोर्टाच्या हद्दीच्या कलमाच्या जवळपास असते. ती खोडा, शेजारी सही करा आणि मग कागद परत द्या. चांगला प्रकाशक कुरकुर करेल, पण मान्य करेल, कारण त्याला पुस्तक छापायचंच असतं.